गुऱ्हाळावरचा लघुपट: तीन मिनिटं झाली तरी गोष्ट सुरू होत नाही

चिपाड

नमस्कार मंडळी. मी कोल्हापुरात मास कॉमच्या शेवटच्या वर्षाला आहे. वर्षअखेरच्या प्रोजेक्टसाठी आमच्या पाच जणांच्या गटाला १२ मिनिटांचा लघुपट करायचाय. पटकथा मंजूर झालीय, पन्हाळ्याच्या बाजूला एक चालू गुऱ्हाळ मिळालंय, मालक भला माणूस आहे. गाडी अडलीय ती सुरुवातीपाशी.

गोष्ट थोडक्यात सांगते. साठी ओलांडलेला एक गुळव्या, म्हणजे गूळ शिजवणारा कारागीर. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, पण हंगाम संपेपर्यंत ऑपरेशनचं नाव काढायला तयार नाही. मालकाला कळलं तर तो दुसरा गुळव्या आणेल, म्हणून त्यानं कुणाला सांगितलेलं नाही. माहीत आहे ते फक्त नातीला. ती दहा वर्षांची. शाळेच्या आधी आजोबांबरोबर गुऱ्हाळावर येते आणि काहिलीत, म्हणजे रस उकळायच्या मोठ्या कढईत, काय दिसतंय ते त्यांना हळूच सांगते. एक दिवस ती शाळेच्या सहलीला जाते आणि त्या दिवशीचं आधण, म्हणजे काहिलीतला गूळ, बिघडतं.

आत्ता कागदावर असलेली सुरुवात अशी: कॉलेजचं बोधचिन्ह, मार्गदर्शकांची नावं, ऋणनिर्देश. मग ड्रोन. पहाटेचं धुकं, उसाचे फड, लांबवर गुऱ्हाळाचा धूर. मग उसानं भरलेली बैलगाडी, बैलांच्या गळ्यातल्या घंटा, घाण्यात जाणारा ऊस, पडणारा रस, चुलवाणातला (काहिलीखालच्या भट्टीतला) जाळ, काहिलीवरची वाफ, आजोबांचे हात, नातीचा चेहरा. या सगळ्यावर मोठी झालेली नात निवेदन करते, ‘माझे आजोबा पंचक्रोशीतले नावाजलेले गुळव्या होते…’ वगैरे. मागं बासरी. चौदा शॉट, २ मिनिटं ५० सेकंद, मग शीर्षक.

आमचे सर वाचून म्हणाले, ‘माहितीपट छान आहे. फिल्म कधी सुरू होते?’ वर्ग हसला. पण नक्की काय काढायचं ते त्यांनी सांगितलं नाही, ‘तुम्हीच शोधा’ म्हणाले.

सामान: एक डीएसएलआर, १८-५५ ची किट लेन्स, ५० ची एक प्राइम, एक ट्रायपॉड, कॉलेजचा साऊंड रेकॉर्डर. ड्रोन एका मित्राचा, फुकट. मालकांनी जानेवारीत दोन दिवस दिलेत, पण काम थांबवणार नाहीत. ते त्यांचं बरोबरच आहे.

तर या चौदातलं काय ठेवू? निवेदन काढलं तर प्रेक्षकाला कळेल का? आणि स्टोरीबोर्ड काढायचा म्हटलं तर मला माणूस काढता येत नाही, काड्या येतात.

धुकेवाला

ड्रोन अजिबात काढू नकोस. फुकट मिळतोय आणि तू सोडतेस? कोल्हापूरची हिवाळ्यातली सकाळ वरून जी दिसते ती खालून दिसत नाही. महोत्सवात पहिल्या दहा सेकंदांत छाप पडली पाहिजे, परीक्षक शंभर फिल्म बघून कंटाळलेले असतात. बासरीऐवजी मात्र हलगी घे.

कात्री

धुकेवाला, परीक्षक कंटाळलेले असतात ते बरोबर. कशानं कंटाळलेले असतात, तेही सांगते. मी एडिटर आहे. दिवसा मालिका कापते, रात्री ओळखीपाळखीच्या पोरांचे लघुपट. उसावरून सरकणारा ड्रोन, धुकं आणि बासरी हे त्रिकूट माझ्याकडे दर हंगामाला येतं, आणि कुठल्या फिल्ममधलं कुठलं हे मला फोल्डरचं नाव वाचल्याशिवाय सांगता येत नाही.

चिपाड, सुरुवातीचा विचार जरा बाजूला ठेव आणि मला शेवट सांग. तुझ्याकडे शेवटी आधण बिघडतं. ठीक. पण मी पुण्यात वाढलेली, गूळ फक्त डब्यात बघितलेली बाई. आधण बिघडलंय हे मला कशावरून कळणार? मालक ओरडेल त्यावरून? मग तुझ्या फिल्ममधला सगळ्यात मोठा क्षण मला दुसऱ्याच्या तोंडून कळला. त्याऐवजी असं बघ: आजोबा म्हणतात ‘झालं, उतरवा’, आणि पडद्यावर मालकाच्याही आधी मला दिसतं की झालेलं नाही. मी खुर्चीत बसून आहे, काही करू शकत नाही. पोटात गोळा येतो तो तिथं.

ते हवं असेल तर नीट जमलेलं आधण कसं ओळखायचं, हे तू मला सुरुवातीलाच दाखवून ठेवलं पाहिजेस. शिकवतोय असं न वाटता. माझ्या मते तुझ्या पहिल्या दीड मिनिटाला हे एकच काम आहे. तुझे चौदा शॉट या एका चाळणीतून काढ. बैलगाडीवरून मला आधणाबद्दल काय कळलं? काही नाही. घंटा? नाही. जाळ? थोडं. हात? हातावर मात्र सगळं आहे.

मला जेवढं माहीत आहे त्यावरून सांगते: गुळव्या उकळत्या पाकातला थेंब गार पाण्यात सोडतो आणि बोटांनी त्याची गोळी होते का बघतो. हे तुझं सोनं आहे आणि तू ते ‘आजोबांचे हात’ या दोन शब्दांत उरकलंयस. थेंब दोनदा टाकायला लाव. पहिल्यांदा तो पाण्यात पसरतो, आजोबा मान हलवतात, जाळ चालूच राहतो. दुसऱ्यांदा गोळी होते, ते म्हणतात ‘उतरवा’, आणि चार माणसं धावतात. पसरलेला थेंब आधी बघितल्याशिवाय गोळीची किंमत कळत नाही, म्हणून दोन्ही हवेत आणि याच क्रमानं हवेत. एवढ्यात मला तीन गोष्टी कळल्या: काम काय, कसब कुणाचं, आणि त्याच्या एका शब्दावर किती लोक हलतात. निवेदनातल्या ‘नावाजलेले’ची गरज संपली.

निवेदन काढच. मोठी झालेली नात बोलतेय म्हटल्यावर सगळं होऊन गेलेलं आहे, हे मला पहिल्या वाक्यात कळतं आणि माझी निम्मी काळजी तिथंच मिटते.

नातीचं कुजबुजणं मात्र सुरुवातीला दाखवू नकोस. ती नुसती तिथं असू दे, जिथं लहान पोरीनं असायचं कारण नाही अशा जागी. ती तिथं का आहे हा प्रश्न मला पडू दे. उत्तर चौथ्या मिनिटाला दे.

‘कोर्ट’ हा मराठी सिनेमा बघितला असशील. तो सुरू होतो तेव्हा नारायण कांबळे मुलांची शिकवणी घेत असतात. मग ते निघतात, कार्यक्रमाच्या ठिकाणी पोचतात, स्टेजवर गातात आणि तिथंच पोलीस येतात. हा माणूस कोण, किती थोर, हे कुणीही सांगत नाही. तो काम करताना दिसतो, बास.

वेळेचं गणित: १२ मिनिटांत २:५० म्हणजे जवळजवळ पाव फिल्म. शीर्षक दीड मिनिटाच्या आत आलं पाहिजे असा काही कायदा नाही, पण तुझ्या गोष्टीला तेवढं पुरतं. बोधचिन्ह विभागाला हवंच असतं, ते पाच सेकंद ठेव, पण त्याच्याखाली शांतता नको. काळ्या पडद्यावर घाण्याचा आवाज आधीच सुरू असू दे. ऋणनिर्देश शेवटी. ज्यांचे आभार मानायचेत ते शेवटपर्यंत बसतातच.

राहता राहिल्या काड्या. मूकपटांच्या काळातले कोल्हापूरचे दिग्दर्शक बाबूराव पेंटर शूटिंगच्या आधी वेशभूषा, हालचाली, पात्रं यांची स्केचेस काढायचे, पण ते पेंटर होते. तू फोन घेऊन गुऱ्हाळावर जा आणि फोटो काढ. आजोबांच्या जागी गटातल्या कुणालाही उभं कर. ते फोटो टाइमलाइनवर शॉटच्या लांबीइतके पसर, खाली फोननंच टिपलेले आवाज टाक. तयार झालेली दीड मिनिटाची पट्टी या गोष्टीतलं ओ की ठो माहीत नसलेल्या माणसाला दाखव आणि विचार, ‘काय चाललंय? पुढं काय होईल असं वाटतं?’ छान आहे का असं विचारू नकोस, सगळे छानच म्हणतात.

मांदाण

भावा, आमचं गुऱ्हाळ होतं, आजोबांपासून. चार वर्षांमागं बंद केलं. कात्री ताईंचं सगळं पटलं, पण एक राहिलं आणि ते मोठं आहे.

गोळी बघायला डोळे लागत नाहीत. लागतात ती बोटं. आमच्याकडचा गुळव्या थेंब पाण्यात सोडून बोलत बोलत, दुसरीकडं बघत गोळी वळायचा. मोतीबिंदू झालेल्या माणसाला थेंब पसरला का गोळी झाली हे बोटांत बरोबर कळणार. तेव्हा नात नाही म्हणून गोळीला फसला, हे गुऱ्हाळावरचा कुठलाही माणूस मान्य करणार नाही. तुमची फिल्म गावात दाखवली तर तिथंच लोक बोलायला लागतील.

डोळे लागतात ते मळी काढायला आणि रंगाला. रस तापला की वर मळी, म्हणजे घाण फेस, येते. भेंडीचं पाणी घालून ती वर आणायची आणि झाऱ्यानं काढायची. ती नीट निघाली नाही तर गूळ काळपट येतो. शेवटच्या टप्प्यात जाळ जास्त झाला तरी रंग गडद होतो. आणि सौद्याला व्यापारी पहिलं काय बघतो? रंग. पिवळाधमक, केशरी छटेचा असला की भाव चढतो, काळपट पडला की खाली येतो. चव नंतर. मालकाला गुळव्याचा राग येईल तो रंगावरून येईल. तेव्हा बिघडायचं तर रंग बिघडवा.

बाकी काही कामाच्या गोष्टी. एक आधण व्हायला अडीच-तीन तास जातात. म्हणजे थेंब टाकायचा आणि काहील उतरवायचा प्रसंग दिवसात मोजक्याच वेळा येणार, आणि तो तुमच्या ‘अॅक्शन’साठी थांबणार नाही. आमच्याकडं पहाटे तीनला चुलवाण पेटायचं, पहिलं आधण उजाडायच्या आत उतरायचं. तुमच्या मालकांचा वेळ काय आहे ते आदल्या दिवशी विचारा आणि कोणत्या आधणाला कोणता शॉट ते ठरवून जा. पहिल्या दिवशी एक आधण कॅमेरा न काढता नुसतं बघा. कोण कुठं उभा राहतो, कोणत्या बाजूनं वाफ येते, काहील कुणीकडं ओतली जाते, सगळं कळेल. ओतायच्या वाटेत ट्रायपॉड लावलात तर शिव्या बसतील आणि त्या योग्य असतील. मळीनं जमीन निसरडी असते, चपला घालून नाचू नका.

आता पोरीबद्दल नीट ऐका. पाक उतरायच्या वेळी ११८ अंशांच्या आसपास असतो, आणि पाण्यासारखा ओघळून जात नाही, अंगाला चिकटतो. तिला चालू काहिलीजवळ उभं करायचं नाही. अजिबात नाही. वेगळं शूट करा.

बैलगाडी आमच्याकडं कधीच गेली. ऊस ट्रॅक्टरनं येतो. फिल्मसाठी गाडी भाड्यानं आणली की गावातलं पोरगंसुद्धा ओळखतं.

आणि हायड्रॉसचा (गुळाचा रंग उजळायला घालतात त्या पावडरीचा) डबा कुठं दिसला तर मालकांना विचारल्याबिगर फ्रेममध्ये घेऊ नका. कुणाच्या पोटावर पाय नको.

चिपाड

भावा नाही, बहीण. पण चालेल.

मांदाण दादा, हे वाचून आमच्या पटकथाकाराचं तोंड उतरलंय. पण तुमचं बरोबर आहे. आम्ही गुळव्यांशी दोन तास बोललो होतो आणि ते सगळा वेळ गोळीबद्दलच बोलले, म्हणून आम्हाला तीच महत्त्वाची वाटली. आज परत फोन केला आणि थेट विचारलं, ‘तुमचे डोळे गेले तर काय अडेल?’ ते म्हणाले, ‘रंगाला अडंल. गोळीचं काय, ती झोपेतबी हुईल.’

आता प्रश्न असा की रंग सुरुवातीला शिकवायचा कसा? थेंब पसरतो आणि गोळी होते हे एका नजरेत दिसतं. रंग सुटा बघितला तर सगळेच गूळ सारखे दिसतात.

लाइटमीटर

रंगाचं बोलताय म्हणून मधे पडतो. कॅमेरा माझं काम.

गोष्ट रंगावर उभी राहणार असेल तर ऑटो व्हाइट बॅलन्स पहिल्या मिनिटाला बंद कर. गुऱ्हाळात एका बाजूनं दिवसाचा प्रकाश, एका बाजूनं चुलवाणाचा नारिंगी जाळ आणि वर ट्यूब किंवा एलईडी. ऑटोवर ठेवलास तर प्रत्येक शॉटला कॅमेरा स्वतःचं मत देणार, आणि सकाळचा चांगला गूळ दुपारच्या वाईट गुळापेक्षा काळा दिसणार. केल्विन, म्हणजे व्हाइट बॅलन्सचा आकडा, हातानं लाव, ५६०० च्या आसपास, आणि दोन्ही दिवस तिथंच ठेव. जाळ नारिंगी दिसेल, दिसू दे. प्रत्येक जागी एक शॉट ग्रे कार्डचा घे, नंतर रंग जुळवताना तोच कामाला येतो.

शटर १/५०, फ्रेम सेकंदाला २५. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूबखाली तिच्याशी न जुळणारं शटर लावलंस तर पट्टे लुकलुकतात. कॅमेऱ्याच्या मेन्यूत व्हिडिओची पद्धत एनटीएससी असेल तर पाल (PAL) कर, मगच २५ दिसेल. ज्या रेकॉर्डरवर आवाज घेणार तो ४८ किलोहर्ट्झवर ठेव.

वाफ: लेन्स गार आणि हवा गरम-दमट असली की काच धुरकटते. कॅमेरा अर्धा तास आधी झाकून आत नेऊन ठेव, गुऱ्हाळाच्या उबेत येऊ दे. पुसायला सुती कापड नको, मायक्रोफायबर घे, कारण वाफेबरोबर गोडसर चिकटा पण येतो. पुढं साधा यूव्ही फिल्टर लाव, तो खराब झाला तर झाला. वाफ दिसायला हवी असेल तर प्रकाश तिच्या मागून यायला हवा. समोरून लाइट टाकलास तर पांढरा गोळा दिसेल, बाकी काही नाही.

रंग कसा दाखवायचा याचं उत्तर तुझ्याच प्रश्नात आहे. एकटा रंग कळत नाही, दोन शेजारी ठेवले की कळतात. चांगला आणि काळपट, दोन तुकडे, एकाच फ्रेममध्ये, एकाच उजेडात. दोन्हीचं एक्स्पोजर एकच. ५० च्या लेन्सनं, दाराजवळ, सकाळच्या सावलीत. उन्हात नको, उन्हात सगळंच सोनं दिसतं.

पोरीसाठी: आधण नसताना रिकाम्या, गार काहिलीजवळ तिचे क्लोज घे. मागं कुणीतरी चहाची किटली उकळती धरून उभा राहू दे, तेवढी वाफ पुरते. चेहऱ्यावर जाळाचा प्रकाश हवा तर नारिंगी जिलेटिन लावलेला दिवा आणि त्यासमोर हलवायला फांदी. आजोबा चालू काहिलीपाशी, ती गार काहिलीपाशी, नजरेची दिशा तेवढी जुळव. दोघं एकाच फ्रेममध्ये कधीच नकोत असं नाही, पण तेव्हा ती दाराशी उभी असेल, काहिलीशी नाही.

आणि दहा वर्षांच्या मुलीबद्दल एक कोरडी गोष्ट. बालकलाकारासाठी नियम आहेत: दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही, आणि निर्मात्याला जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी लागते. विद्यार्थी प्रोजेक्टचं काय करायचं ते कॉलेजकडून लेखी विचारून घे. आईवडिलांची लेखी संमती तर हवीच, आणि त्यातलं एक जण सेटवर.

ड्रोनबद्दल धुकेवाल्यांचा मुद्दा: उजळाईवाडीच्या विमानतळापासून तुझं गुऱ्हाळ किती लांब ते डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन-संकेतस्थळाच्या नकाशावर बघ. विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांपर्यंतच मोकळीक आहे, त्याहून जवळ असेल तर आधी परवानगी. मित्राचा आहे म्हणून आकाश मित्राचं होत नाही.

धुकेवाला

बरं बरं. हलगीवर तरी मी ठाम आहे.

कात्री

मांदाण, तुम्ही माझ्या दोन थेंबांना सुरुंग लावलात आणि गोष्ट सुधारली. अशी माणसं पटकथेच्या टप्प्यालाच भेटली पाहिजेत, एडिटला भेटली की फक्त डोकं दुखतं.

चिपाड, माझं म्हणणं तेच आहे, फक्त शिकवायची वस्तू बदलली. थेंब फेकू नकोस. एकदाच ठेव, गोळी होते तो. आजोबा दुसरीकडं बघत गोळी वळतात, मांदाण म्हणाले तसं. प्रेक्षकाला वाटेल काय कसब आहे, बघायचीसुद्धा गरज नाही! आणि चौथ्या मिनिटाला कळेल की त्यांनी बघितलं नाही, कारण दिसतच नाही. एकाच शॉटचे दोन अर्थ. असा शॉट मिळाला की मी त्याला हात लावत नाही, पूर्ण चालू देते.

रंगासाठी दोन तुकडे हवेत हे लाइटमीटर बरोबर बोलले. ते तुकडे कुणाच्या हातात द्यायचे? मालकाच्या. मालक कालचा आणि परवाचा तुकडा दाराच्या उजेडात धरून बघतोय. तो बोलत नाही. बोलतात आजोबा, लांबून, ‘कसा आलाय रंग?’ साधा प्रश्न, रोजचा वाटेल असा. मालक हातातला तुकडा दाखवतो, मान डोलावतो, तोंडानं काही बोलत नाही. आजोबा अजून उत्तराची वाट बघतायत. आणि नात म्हणते, ‘एक नंबर आलाय, आबा.’

इथं कट. शीर्षक.

पहिल्यांदा बघणाऱ्याला यात फार तर जरासं खटकेल. समोर मान डोलावली तरी हा माणूस थांबला का? बास, तेवढंच खटकायला हवं. याहून जास्त काही केलंस, म्हणजे आजोबांच्या डोळ्यांचा क्लोज घेतलास किंवा संगीत हलवलंस, तर सांगून टाकल्यासारखं होईल. आणि शेवटी परत मालक, परत दोन तुकडे, तोच अँगल, तोच उजेड. आजोबा तोच प्रश्न विचारतात. उत्तर द्यायला कुणी नाही. एक तुकडा काळपट आहे हे मला दिसतंय. मला कुणी काही सांगायची गरज उरली नाही.

आता आवाज, कारण अख्खी सुरुवात एका वाक्यावर आलीय आणि मागं घाणा चालू आहे. घाण्याच्या आवाजात रेकॉर्ड केलेलं वाक्य मला एडिटला धड साफ करता येत नाही. मालकांना विनंती कर की दोन उसाच्या खेपांच्या मधे घाणा थांबतो तेव्हा सांगा. तेव्हा संवाद घे. घाण्याचा आवाज वेगळा, सलग दोन-तीन मिनिटं, लांबून आणि जवळून, असा स्वतंत्र टिप. मग मी, म्हणजे तुमचा एडिटर, वाक्याच्या जरा आधी तो खाली घेऊ शकतो. काहिलीचा आवाजही आधणाच्या सुरुवातीला, मध्याला आणि शेवटी वेगवेगळा टिप. पातळ रस खळखळतो, घट्ट झाला की फुटक्या बुडबुड्यांचे जाड, तुटक आवाज येतात. मोतीबिंदूवाल्या माणसाच्या फिल्ममध्ये हा फरक ऐकू आला पाहिजे. बासरी, हलगी दोन्ही राहू देत घरी. आणि कुठलं जुनं गाणं मागं टाकायचा मोह झाला तर हक्क कुणाकडे आहेत ते आधी बघ, महोत्सवाचा फॉर्म भरताना रडायची वेळ येते.

चिपाड

काल फोटोंची पट्टी केली. आजोबांच्या जागी आमचा साऊंडवाला, मालकाच्या जागी हॉस्टेलचा मेसवाला (त्याला भूमिका फारच आवडली), गुळाचे तुकडे खरे, मांदाण दादा म्हणतात तसे एक पिवळा आणि एक काळपट, लक्ष्मीपुरीतून आणलेले.

आत्ताचा क्रम असा झालाय. काळ्या पडद्यावर घाणा आणि बोधचिन्ह. चुलवाणात चिपाड (रस काढलेल्या उसाचा वाळका चोथा) जातं, जाळ मोठा होतो. पाठमोरे आजोबा, वाफ मागून उजळलेली. दाराशी शाळेच्या गणवेशातली पोरगी, दप्तर पाठीवर. ती काहिलीकडं बघतेय, आजोबांकडं नाही. थेंब, पाणी, दुसरीकडं बघत वळलेली गोळी. ‘उतरवा.’ चार माणसं दांडे लावतात, काहील वाफ्यावर (पाक गार करायच्या पसरट जागेवर) कलते. हा एकच लांब शॉट आहे आणि तो चालू आधणातच मिळणार, म्हणून दोन्ही दिवस दोन आधणं त्याच्यासाठी राखलीत. घाणा थांबतो. मालक दारात, दोन तुकडे. प्रश्न, मान डोलावणं, थांबणं, नातीचं उत्तर. शीर्षक. ८५ सेकंद.

रूममेटच्या आईला दाखवली. त्या सांगलीच्या, शिक्षिका. गोष्टीबद्दल काही सांगितलं नव्हतं. बघून म्हणाल्या, ‘म्हाताऱ्याला कमी ऐकू येतं का?’

म्हणजे खटकलं, पण भलतीकडं गेलं. त्यांना वाटलं मालक काहीतरी बोलला आणि आजोबांना ऐकू आलं नाही. आता काय करू? मालकाचं तोंड हललंय असं वाटतंय का?

कात्री

मेसवाल्याचं तोंड फोटोत उघडं असणार, त्याला भूमिका आवडली म्हणालीस ना.

पण बाईंची प्रतिक्रिया चांगली आहे. आजोबांना काहीतरी अडतंय इथपर्यंत त्या आल्या, फक्त दार चुकलं. उपाय सोपा: त्याआधी आजोबांना काहीतरी बारीक ऐकू येतं असं एकदा दाखव. चुलवाणातला जाळ कमी झाल्याचं त्यांना आवाजावरून कळतं आणि ते न वळता म्हणतात, ‘चिपाड घाल रं.’ म्हणजे कान तिखट आहेत हे ठरलं. मग शेवटी अडलं ते कानाचं नाही, हे आपोआप कळेल. जाळाचा शॉट तसाही तुझ्याकडं आहेच, त्याला काम मिळालं.

मालकाचं तोंड बंद ठेव आणि त्याला तुकडा जरा वर धरायला लाव. दाखवतोय हे स्पष्ट झालं पाहिजे.

मांदाण

‘चिपाड घाल रं’ बरोबर आहे. पण आमचा गुळव्या नुसता खाकरायचा, तेवढ्यावर जाळवाल्याला कळायचं. नटाला दोन्ही करून बघू दे.

चिपाड

खाकरणं घेतलं. दोन्ही शूट करू.

धुकेवाले दादा, ड्रोनवाल्या मित्राला क्लॅप धरायचं काम दिलंय. तो रुसलाय, पण येतोय.

मांदाण

जानेवारीतले दोन दिवस म्हणालात, तारखा धरताना संक्रांत आणि अमावास्या बघून घ्या. गडी सुट्टीवर असले तर काहील गार, आणि तुमचा उतरवायचा शॉट गेला. आणि उन्हाळ्यावर ढकलू नका, तोवर चुलवाण विझलेलं असेल.